आधी छप्पर, मग फरशी

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

प्रभू येशूमध्ये सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना झाल्यावर सभा घेऊन चर्चच्या जीर्णोद्धाराची वर्गणी जाहीर करायचं तुमच्या पॅरिश कौन्सिलने, म्हणजे चर्चच्या कारभाराच्या समितीने, ठरवलं आहे हे वाचून मनापासून आनंद झाला. पण सोबतची कामांची यादी पाहून काळजीही वाटली. त्यात संगमरवरी फरशी पहिली आणि छप्पर चौथं आहे. हा क्रम बदलायला हवा, आणि तो का बदलला हे लोकांना पटेपर्यंत पावतीपुस्तक छापू नका.

फरशीला, झुंबराला, नव्या बाकांना दाते मिळतात, कारण ते डोळ्यांपुढे असतं आणि त्यावर आईवडिलांचं नाव घालता येतं. पन्हळीला दाता मिळत नाही. पण आजरा-चंदगडच्या पावसात जुनी इमारत खचते ती पन्हळीपासूनच. कौल तडकतं किंवा सरकतं, पाणी वाशावरून उतरत भिंतीवरच्या आडव्या तुळईत मुरतं. वाशाचं टोक भिंतीत चिणलेलं असतं, तिथे वारा लागत नाही, म्हणून वासा मधोमध ठणठणीत आणि टोकाला भुगा अशी अवस्था होते. पाठोपाठ वाळवी येते. टोक बसलं की छपराचा भार भिंतीला बाहेर रेटतो आणि वळचणीखाली आडवी भेग दिसू लागते. खालून बाकावर बसलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक विभागातून दोन-दोन जाणत्या माणसांना माळ्यावर न्या, वाशाच्या टोकात स्क्रू-ड्रायव्हर खुपसून दाखवा. तो किती आत जातो हे ज्यांनी पाहिलं, तेच आपल्या वस्तीत जाऊन छपरासाठी बोलतील. फादरांच्या दहा आवाहनांनी जे होणार नाही, ते यांच्या बोलण्याने होईल.

त्याआधी दोन गोष्टी कागदावर हव्यात. एक, जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याची तपासणी. दुसरी, बिशपांची लेखी संमती. चर्चची दुरुस्ती जाणकारांचा सल्ला घेऊनच करावी असं धर्मसंहितेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, १२१६व्या कलमात आहे, आणि जुन्या मौल्यवान मूर्ती-चित्रांना ११८९व्या कलमाप्रमाणे लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तुमच्या वेदीवरचं जुनं लाकडी काम कोणा उत्साही रंगाऱ्याच्या हाती ऑइलपेंटसाठी देऊ नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

अंदाजपत्रक ‘छप्पर दुरुस्ती, एकरकमी’ असं घेऊ नका. मापं लिहून घ्या. मंगलोरी कौलं दर चौरस मीटरला साधारण १५ लागतात. दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, मिळून ३०० चौरस मीटर धरली तर ४,५०० कौलं. उतरवताना प्रत्येक कौल बोटाने वाजवून पाहायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. जुनी आणि नवी कौलं एका पाखीवर मिसळू नका, खाचा जुळत नाहीत आणि पाणी आत येतं. जुनी सगळी एका बाजूला, नवी दुसऱ्या. मोडतोडीसाठी दहा टक्के जादा. जुनी इमारत उघडल्याशिवाय पुरती कळत नाही, म्हणून एकूण खर्चावर १५ टक्के राखीव धरा, आणि ठेकेदाराच्या दरात जीएसटी आहे की वर लागणार हे लिहून घ्या.

भिंतींबद्दल तुमच्याकडे वाद होणार हे मला आत्ताच दिसतंय. कोणीतरी म्हणेल, चुना कशाला, सिमेंटने पक्कं करू. जांभ्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडते. सिमेंट लावलं की ती वाट बंद होते. ओल आणखी वर चढते, आतले क्षार फुलतात, लोणा धरतो आणि काही पावसाळ्यांत गिलावा जांभ्याचा पापुद्रा घेऊनच सुटतो. आधी भिंतीभोवतीचं सिमेंटचा कोबा काढून पाणी इमारतीपासून दूर नेणारी गटार करा. गिलाव्यासाठी कळीचा चुना विरवून किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि तो ओल्या गोणपाटाखाली सावकाश वाळला पाहिजे. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालणारे जुने कारागीर भेटले तर उत्तमच, गुळाला आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. पण प्रमाण त्यांच्यावर सोपवा, गूळ जास्त झाला तर चुना लवकर धरत नाही.

आता पैसा. ४० लाखांचं काम आणि १८० कुटुंबं, म्हणून घरटी २२ हजार, असा हिशेब कोणी मांडला तर तो तिथेच थांबवा. शेतमजुराच्या घराला तो झेपत नाही आणि ज्याला लाख देता आले असते तो २२ हजारांत मोकळा होतो. किती देणार हे लिहिलेली वचनपत्रं घ्या, २४ महिन्यांची, बंद पाकिटात. समजा, १० घरं एक-एक लाख, ३० घरं ३० हजार, ६० घरं महिना ५०० आणि ६० घरं महिना २००. उरलेल्या २० घरांकडे मागायचंच नाही. हे होतात २९ लाख. त्यातले १५ टक्के येणार नाहीत असं आधीच धरा, म्हणजे हातात २५. त्यामुळे पहिला टप्पा छप्पर आणि निचरा एवढाच, वीसेक लाखांच्या आत. तो पुरा झाला की पुढच्या टप्प्याला लोक आपणहून हात सैल सोडतात. वेदीवरून नावं आणि रकमा वाचू नका. २०० रुपयेवाल्याला पुढच्या महिन्यात चर्चमध्ये यायला संकोच वाटेल, आणि ते नुकसान कोणत्याही निधीने भरून निघणार नाही.

आवाहनातलं वाक्य जपून लिहा. ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते लावावं लागतं, धर्मसंहितेचं कलम १२६७ तेच सांगतं. ‘छपरासाठी’ एवढंच लिहिलंत तर उरलेला रुपया भिंतीला वापरता येणार नाही. ‘छप्पर, निचरा व भिंतींची दुरुस्ती, आणि शिल्लक राहिल्यास वेदीचे जतन’ असं लिहा.

पावती ट्रस्टच्याच नावाने आणि पैसे ट्रस्टच्याच वेगळ्या खात्यात. हौसेने ‘जीर्णोद्धार समिती’ काढून तिच्या नावाने वर्गणी घेतली तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो. कोणालाही करसवलतीचं आश्वासन देऊ नका. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट देणारी मान्यता, साधारणपणे मिळत नाही, आणि जिथे मिळते तिथेही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. आखातातल्या मुलांचा पैसा मोठा आधार असतो. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ती विदेशी देणगी ठरत नाही, पासपोर्टची प्रत मात्र ठेवा. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी त्याचा पैसा विदेशीच. त्यासाठी एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरलेलं खातं लागतं. ते नसेल तर त्याला प्रेमाने नाही म्हणा.

वेळ पिकांकडे बघून ठरवा. उसाचं बिल गळीत हंगामात येतं, तेव्हा ऊसवाल्या घरांचा हप्ता डिसेंबर ते एप्रिल ठेवा. महिना-महिना मागून ती घरं थकबाकीदार दिसतात आणि उगाच दुखावतात. नोकरदारांना महिन्याचा हप्ताच बरा. काम नोव्हेंबरात सुरू करा. छपराची एक पाखी उघडून ती झाकल्याशिवाय दुसरी उघडू नका, आणि मृग लागायच्या आत शेवटचं कौल बसलं पाहिजे. श्रमदानात कौलं घासणं, बाक हलवणं, राडारोडा उचलणं जरूर करा. परांचीवर मात्र गावातलं एकही पोर चढता कामा नये.

ठेकेदाराला आगाऊ दहा टक्क्यांहून जास्त देऊ नका. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा कोरडा गेल्यावर. दानपेटी तिघांनी मिळून मोजायची, त्यात दर महिन्याला एक माणूस बदलायचा. महिन्याचा जमाखर्च दारातल्या फळ्यावर, न फुटलेल्या कौलांच्या आकड्यासकट. लोकांना हिशेब दाखवावा हेही संहितेतच आहे, कलम १२८७.

सभेआधी मला पाखीची लांबी-रुंदी, वळचणीखालच्या भेगेचे फोटो आणि ट्रस्टच्या नोंदणीची प्रत पाठव. पहिल्या टप्प्याचं अंदाजपत्रक आपण दोघं मिळून करू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र