तिसऱ्यांच्या खवल्यांचं माणगें

फोंडा, गोवा
पौष अमावास्येनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, "सध्या काय चाललंय?" आणि मी "काही विशेष नाही" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर चुटपुट लागली, कारण इतकं काही चाललंय की झोपताना उद्याची वाट पाहतो मी. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबेल, चहा घेऊन बस.

सुरुवात बोंडल्याच्या अभयारण्यापासून करतो. गेल्या महिन्यात धाकटीला घेऊन गेलो होतो. तिस्क-उसगावहून आत वळलं की रस्ता चढायला लागतो, झाडं दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि हवा बदलते, तुला आठवत असेल. सातवीच्या सहलीत खिडकीच्या जागेसाठी आपण भांडलो होतो तोच रस्ता. अभयारण्य सगळं मिळून जेमतेम ८ चौरस किलोमीटर, मोलेच्या जंगलापुढे अगदी चिमुकलं. पण आपल्यासाठी जंगल म्हणजे पहिलं तेच.

तिथल्या प्राणिसंग्रहालयात धाकटी गव्यापाशी थांबली ती थांबलीच. मी घड्याळ पाहिलं, चाळीस मिनिटं. मधून मधून लोक येत होते, फोटो काढून पुढे जात होते. ही कठड्याला हात लावून उभी. गवा नुसता रवंथ करत होता. पण किती पाहण्यासारखं असतं रे! चारही पायांना गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे. पाठीवर मानेपासून अर्ध्यापर्यंत उंचवटा. वय झालेला नर जवळजवळ काळा होतो, मादी आणि पिल्लं तपकिरी राहतात. मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो, आणि एवढं धूड जंगलात शिरलं की पानही न हलवता दिसेनासं होतं. आपल्याकडे बोलताना सर्रास 'बायसन' म्हणतात, पण बायसन ही वेगळी जनावरं, अमेरिकेतली आणि युरोपातली. हा आपला गवा. गोव्याचा राज्यप्राणी.

पिंजऱ्यातलं जनावर पाहून मला आनंद होतो आणि वाईटही वाटतं. दोन्ही एकाच वेळी. आधी वाटायचं की यातलं एक काहीतरी खरं असलं पाहिजे, आता तसं वाटत नाही. ती चाळीस मिनिटं नसती तर धाकटीला गवा म्हणजे पुस्तकातलं चित्रच राहिलं असतं. परतीच्या वाटेवर, फाटकाच्या बाहेर, एका उंच झाडावर शेकरू दिसलं. लांब झुपकेदार शेपूट खाली सोडून बसलेलं, मोकळं. तिनं गाडी थांबवायला लावली. तिथेच तिनं तो प्रश्न विचारला, ज्याच्यामुळे पुढचं सगळं सुरू झालं. "बाबा, पाटीवर होतं ते नाव झालं. आपली माणसं याला काय म्हणतात?"

शेकरो म्हणतात, हे मला येत होतं. गव्याला गवो रेडो, तेही आलं. बेडकाला बेबो, काजव्याला काजुलो, खेकड्याला कुर्ली. मग ती पुढे पुढे विचारत गेली आणि मी अडखळलो. घरात बोलतो मराठी, बाजारात कोंकणी, शाळेत शिकलो ती पुस्तकातली नावं. तिन्हीमधून किती गळलंय ते त्या दिवशी कळलं. माझ्या आजीला परसातल्या प्रत्येक किड्याचं नाव ठाऊक होतं. मी कधी लिहून घेतलं नाही. याचं मला खरंच दुःख आहे.

त्या रात्री आम्ही दोघांनी 'श्वास' पाहिला. तू आणि मी तो २००४ साली पणजीला जाऊन पाहिला होता, आठवतं? त्याच वर्षी नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, कायमचा गोव्यात आला आणि आपण मांडवीच्या काठावर उगाच हिंडत राहिलो, कोण कोण दिसतं ते बघत. 'श्वास' पाहून बाहेर आल्यावर तू बराच वेळ बोलला नव्हतास. मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं ते पन्नास वर्षांनी, 'श्यामची आई'नंतर थेट 'श्वास'ला, याचा केवढा अभिमान वाटला होता आपल्याला! आता पाहताना पुरस्कार आठवतसुद्धा नाहीत. आठवतो तो एवढाच भाग: नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, आणि शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला इस्पितळातून उचलून बाहेर घेऊन जातात. जग दाखवायला. आजोबा झालेल्या अरुण नलावड्यांचा चेहरा त्या वेळी पाहावा. कुठेही मोठ्यानं रडणं नाही. माझ्या लेखी मराठीत याच्याइतका स्वच्छ चित्रपट दुसरा नाही, आणि या बाबतीत मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

चित्रपट संपल्यावर धाकटीनं वही काढली आणि यादी केली: 'मला दाखवायचं असेल तर काय काय दाखवीन'. पहिलं नाव, गवा. दुसरं, आजीचा आमटी ढवळणारा हात. तिसऱ्यावर ती अडली, कारण त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. पावसात भिंतीवर येतं ते, हळू चालतं ते, म्हणाली. गोगलगाय. तिच्या आजीनं आतून सांगितलं, "कोंगो गो!"

दुसऱ्या दिवशी मी संगणकासमोर बसलो आणि एक पान बनवायला घेतलं. वेबवर टाकण्याजोगं, अगदी साधं. एका बाजूला पुस्तकातलं नाव, समोर आपल्या माणसांच्या तोंडचं, कुठल्या गावात ऐकलं ते, आणि खाली एक बटण. बटण दाबलं की तेच नाव त्या माणसाच्या आवाजात ऐकू येतं. 'काजुलो' लिहून काय कळणार? 'लो' कसा ओढायचा ते कानानंच कळतं. फोनवर ध्वनिमुद्रण करतो, मागचा पंख्याचा आवाज कापतो, तीन-चार सेकंदांचा तुकडा ठेवतो. पान मुद्दाम हलकं ठेवलंय. सत्तरी तालुक्यात डोंगराच्या कुशीत फोनला रेंज जेमतेम असते, तिथेही उघडलं पाहिजे.

आता माणग्याकडे येतो. पत्र लिहायला बसलो ते खरं त्यासाठी.

पौष अमावास्येला आम्ही दुर्भाटला गेलो. तिथे आणि बोरीच्या बाजूला खाजनांच्या कडेला माणगें थापतात. माणगें म्हणजे मगर. इतकी वर्षं फोंड्यात राहून मी हे पाहिलं नव्हतं! शेतातलाच चिखल घेऊन बांधापाशी मगर घडवतात, लांबरुंद, शेपूट वळवलेली. अंगावर खवले म्हणून तिसऱ्यांचे, म्हणजे आपण खातो त्या शिंपल्यातल्या मासळीचे, शिंपले टोचतात, ओळीनं, घट्ट. तोंडात काटक्यांचे दात. मग फुलं, कुंकू, गाऱ्हाणं. पूर्वी कोंबडीचं जिवंत पिल्लू ठेवत, आता अंडं ठेवतात, असं तिथल्या एका आजोबांनी सांगितलं. "बांद सांबाळ म्हणपाचें," म्हणाले, आणि चिखलाच्या पाठीवरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

खाजन म्हणजे काय हे धाकटीला समजावताना मलाच ते नव्यानं कळलं. भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असलेली ही जमीन. बांध फुटला तर खारं पाणी आत, भात गेलं. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरती चढली की पाण्याच्या दाबानं दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं. ना वीज, ना मोटर. आणि या सगळ्याच्या शेजारी, खाडीत, मगरी. आपल्याकडची मगर गोड्या पाण्यातली, पण मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात ती खाऱ्या पाण्यात राहते. जिच्याशेजारी रात्रंदिवस राहायचं, तिला हाकलायचं नाही, मातीची करून पुजायची, हे कुणी कधी ठरवलं असेल? मी त्या बांधावर उभा राहून फक्त बघत होतो. धाकटीनं एक शिंपला टोचला. आजोबांनीच तिचा हात धरून जागा दाखवली.

घरी येऊन ते सगळं पानावर चढवलं आणि तिथे अडकलो. शोधाच्या चौकटीत 'तिसऱ्या' लिहिलं तर काहीच सापडेना! समोर दिसतोय शब्द, आणि संगणक म्हणतो नाही. दोन रात्री गेल्या. मग उलगडलं. आपला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र आहे ना, 'ऱ्य'मधला, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन हलन्त आणि पुढे य. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आतून वेगळे. वर कोंकणीत पुष्कळ जण सरळ रफार देऊन 'तिसर्यो' लिहितात. मी टंकलं होतं एका तऱ्हेनं, फोनच्या कीबोर्डनं शोधलं दुसऱ्या.

उपाय सोपा होता: शोधताना तिन्ही रूपं एकच मानायची. पण तसं केलं की 'दर्या' आणि 'दऱ्या' एक होतात. गोव्यात बसून समुद्र आणि डोंगरातल्या घळी एक कशा मानू? शेवटी असं केलं: शोधाला दोन्ही येऊ देत, मात्र पानावर ज्यानं जसं सांगितलं तसंच दिसेल, आणि जे तंतोतंत जुळतं ते आधी. हे चालू झालं त्या क्षणी मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला 'दऱ्या' शोधून दाखवलं. ती भाकरी थापत होती, थांबून तिनं नीट पाहिलं, आणि म्हणाली, "आता ळ कुठे गेलाय तो बघ." खरंच! संगणक ळ ला ल च्या पाठीमागे बसवतो, कारण युनिकोडमध्ये तो तिथे आहे. आपण पाटीवर शिकलो ते ह, ळ, क्ष, ज्ञ. तोही हलवला. पहिलीतल्या मुलानं पान उघडलं तर क्रम त्याच्या अंकलिपीसारखाच दिसला पाहिजे, याबद्दल मी आग्रही आहे.

आतापर्यंत त्र्याहत्तर नावं झालीत. एकवीस आवाज. त्यातले चार आवाज ऐंशीच्या पुढच्या माणसांचे आहेत, आणि ते मी तीन-तीन ठिकाणी जपून ठेवलेत.

आता तुझ्याकडे दोन गोष्टी मागतो.

एक, काकू. त्यांचं माहेर सावंतवाडीकडचं. आपण लहान असताना त्या ओटीवर बसून पाखरांची नावं सांगायच्या, त्यातली निम्मी मी नंतर कुठेच ऐकली नाहीत. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना ती कुणी विचारत नसणार. संध्याकाळी, त्या निवांत असताना, फोन जवळ ठेव आणि विचार. नुसती नावं नको, त्या बोलतात तसं बोलू दे. "आमच्या परड्यात एकदा काय झाला" असं सुरू झालं तर थांबवू नकोस. घाईनं कापू नकोस, कापायचं मी बघतो.

दुसरी, तुझी चित्रं. बोंडल्याच्या सहलीत सगळे डबे उघडून बसले होते तेव्हा तू सांबराच्या कुंपणाशी मांडी घालून वहीत त्याची शिंगं काढत होतास. बाईंनी ते पान वर्गाच्या भिंतीवर लावलं होतं. तू चित्रं सोडलीस हे मला कधीच पटलं नाही. पानावर फोटो टाकता येतील, पण मला तुझ्या हातची रेघ हवी आहे. काळ्या शाईत, साधी. गवा, शेकरू, बेबो, आणि तिसऱ्यांचे खवले घातलेलं माणगें. माणग्याचे फोटो वेगळे पाठवतो, शेपटीचं वळण नीट बघ, ते एका बाजूलाच असतं.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग. काजू उतरायला लागले की सगळेच या, तोवर हुर्राक, काजूची ताजी दारू, मिळेल आणि धाकटीची परीक्षाही संपलेली असेल. बोंडल्याला परत जाऊ. फक्त गुरुवार धरू नका, त्या दिवशी ते बंद असतं. धाकटी म्हणते, तुझ्या मुलाला गव्यापाशी ती घेऊन जाईल, आणि निदान अर्धा तास तरी कुणी घाई करायची नाही.

तुझाच,
फोंड्याचा मित्र