हौसेला गृहीत धरू नये

महोदय,

मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता व बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरमागील स्वयंसेवेचा गौरव करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. हौस आणि कामाचा आनंद या प्रेरणा खऱ्याच आहेत. परंतु फुकट वापरणाऱ्यांच्या तगाद्यापुढे त्या किती काळ टिकतात, हा प्रश्न लेखात यायला हवा होता. २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ हा सुरक्षादोष उघड झाला, तेव्हा असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्यावर विसंबून होती त्या ‘ओपनएसएसएल’चा भार जेमतेम एक पूर्णवेळ प्रोग्रामर आणि मूठभर स्वयंसेवक वाहत होते. २०२४ मध्ये उघड झालेले ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे प्रकरण अधिक बोलके आहे: एकट्याने देखभाल करून थकलेल्या स्वयंसेवकामागे (बहुधा बनावट नावांनी) तगादा लावला गेला आणि मदतनीस म्हणून आलेल्यानेच पुढे त्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट (गुपचूप आत शिरण्याची सोय) पेरली. ज्या कंपन्यांचा व्यवसाय अशा सॉफ्टवेअरवर उभा आहे, त्यांनी देखभालीसाठी पगारी माणसे नेमावीत.

– एक वाचक