एका रविवारी एकच गोष्ट

तीर्थरूप आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बोलणे झाल्यापासून पुढच्या शनिवार-रविवारचा विचार डोक्यातून जात नाही. आम्ही चौघे शुक्रवारी रात्री पुण्याहून निघून जेवायच्या वेळेपर्यंत वाईला पोहोचू आणि सोमवारी पहाटे परत फिरू, म्हणजे पुरते दोन दिवस हाताशी आहेत. थोरल्याने इंटरनेटवरून वाईत पाहण्यासारख्या ठिकाणांची यादी काढून माझ्या हाती दिली. तीत चौदा ठिकाणे होती आणि प्रत्येकासमोर वीस-वीस मिनिटे लिहिलेली होती. ती वाचून मला हसू आवरेना, कारण बाबा, तुमच्या हिशेबाने ती चौदा रविवारांची बेगमी आहे.

खरे सांगायचे तर लहानपणी मला तुमच्या नियमाचा फार राग येत असे. शनिवारी रात्रीची जेवणे आटोपली की तुम्ही विश्वकोशाचा एखादा खंड खाली काढत होतात, त्यातली एक नोंद आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत होतात आणि दादाने पुढच्या पानावरचे चित्र पाहण्यासाठी हात घातला की "एका बैठकीला एक नोंद" असे म्हणून खंड मिटत होतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या गावात बसून मराठी विश्वकोशाची उभारणी केली आणि १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, त्या गावातल्या मुलांना पाने चाळायची सवय लागू नये, असे तुमचे म्हणणे होते. दादा त्यावर पुटपुटत असे की विश्वकोश पुण्यात झाला असता तर आपण सुटलो असतो.

रविवारचेही तेच. एका रविवारी एकच ठिकाण आणि त्या ठिकाणी एकच गोष्ट. गणपती आळीच्या घाटावर आपण किती वेळा गेलो याची गणतीच नाही, पण एक रविवार मला स्वच्छ आठवतो. त्या दिवशी तुम्ही आम्हाला ढोल्या गणपतीचे दर्शन घाईने घ्यायला लावलेत आणि लगेच देवळाच्या मागे नेलेत. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधले, एवढे तुम्ही सांगितलेत आणि पुढे काही न सांगता विचारलेत, "मागची भिंत सरळ का नाही?" आम्ही दोघे बराच वेळ त्या भिंतीकडे नुसते बघत राहिलो. मग तुम्ही खालच्या पायरीवर उकिडवे बसून माझा हात कृष्णेच्या धारेत धरलात. तळहात आडवा धरला तेव्हा पाण्याने तो मागे लोटला. तोच हात वळवून करंगळीची कड धारेकडे केली तेव्हा पाणी दोन्ही अंगांनी सरकून गेले आणि हात जागच्या जागी राहिला. "आता भिंत बघ," तुम्ही म्हणालात. भिंत माशासारखी निमुळती का केली आहे, पुराचे पाणी देवळावर थेट आदळण्याऐवजी दुभंगून कसे जाते, हे मला त्या क्षणी समजले. पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवाहाचा धडा आला, तेव्हा सगळा वर्ग आकृत्या गिरवत होता आणि मला करंगळीला लागलेले गार पाणी आठवत होते.

मेणवलीची गोष्ट याहून लांबली, कारण तिथे तुमचा नियम आम्हीच मोडू पाहत होतो. नाना फडणविसांचा एवढा मोठा वाडा, त्यातले चौकामागून चौक, भिंतींवरची चित्रे, आणि तुम्ही मात्र आम्हाला सरळ मागच्या बाजूने घाटावर उतरवलेत. मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेल्या घंटेसमोर आमची वरात थांबली. घंटेवर बाळ घेतलेली एक बाई उमटवलेली होती. मी म्हटले, ही यशोदा. दादा म्हणाला, देवकी. तुम्ही आम्हाला दोघांनाही चूक ठरवले नाहीत, फक्त घंटेवरचे साल सांगितलेत, १७०७. सनावळ्या आम्हाला पाठ होत्या, त्यामुळे औरंगजेब मेला ते साल एवढे दादाने ओळखले, पण घंटेचा आणि औरंगजेबाचा संबंध काही लागेना. मग तुम्ही चिमाजी अप्पांचे नाव काढलेत आणि १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी कशा आणल्या व त्या आपल्या देवळांतून कशा वाजू लागल्या, हे सांगितलेत. मेरी आणि येशू शंकराच्या दारात कसे राहतात, या दादाच्या प्रश्नावर तुम्ही दिलेले उत्तर मी अजून कोणाला ना कोणाला सांगत असते. तुम्ही म्हणालात, "जसे आपण भाड्याच्या घरात राहतो तसे. घर दुसऱ्याचे असले तरी स्वयंपाक आपलाच असतो."

धोमला नरसिंहाचे दर्शन घेऊन कमळाच्या आकाराच्या त्या हौदापाशी बसायचे आणि कासवाच्या पाठीवरचा नंदी पाहायचा. हौदात पाणी असले की कासव पोहत निघाल्यासारखे वाटते. याहून अधिक तिथले लिहीत नाही, कारण धोमला मी बहुतेक वेळ भुकेलेली असे आणि लक्ष सगळे दशम्यांच्या डब्याकडे असे. पांडवगडाचे तर नावच काढायला नको. दादाने घोटा मुरगळून घेतल्यावर त्याला आळीपाळीने पाठीवर घेऊन उतरताना तुम्ही ज्या शिव्या पहिल्यांदाच आमच्या कानांवर घातल्यात, त्या कोणत्याही कोशात नाहीत.

आता दशम्यांचा विषय निघालाच आहे, तर ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते लिहिते.

आई, गेल्या महिन्यात मी तुला सहज विचारले होते की मेणवलीच्या घंटेवर त्या बाईचे तोंड कोणत्या बाजूला आहे, कारण धाकटीला चित्र काढायचे होते. तू म्हणालीस, "तुम्हीच सांगायचात घरी येऊन, मी कुठे नीट बघितली आहे!" तू हसून बोललीस आणि लगेच भाजीचे विचारलेस, पण मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. लग्न होऊन या घरात आल्याला तुला बेचाळीस वर्षे झाली. मेणवली आपल्या घरापासून तीन किलोमीटरवर. दर रविवारी पहाटे उठून दशम्या भाजून, लसणाची चटणी कुटून, पाण्याच्या बाटल्या भरून तू आम्हाला दारापर्यंत सोडत होतीस आणि परत आत जाऊन राहिलेला स्वयंपाक, धुणे, आजीचे औषध यांना लागत होतीस. आम्ही संध्याकाळी येऊन सांगत होतो आणि तू पोळ्या लाटता लाटता ऐकत होतीस. बाबांचा नियम एका वेळी एका गोष्टीचा होता, आणि त्यासाठी तुझ्या वाट्याला एका वेळी दहा गोष्टी येत होत्या. हे बाबांना बोल लावण्यासाठी लिहीत नाही. मला स्वतःलाच ते कळायला चाळिशी उलटावी लागली.

तू निवांत घराबाहेर बसलेली मला आठवतेस ती फक्त कृष्णाबाईच्या उत्सवात. अफझलखानाच्या संकटातून शिवाजी महाराज सुखरूप सुटावेत म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून हा उत्सव सुरू झाला, असे आपल्याकडे सांगतात. एकेका घाटावर उत्सव फिरत आपल्या आळीत आला की रात्रीच्या कीर्तनाला तू पायरीवर शाल पांघरून बसत होतीस आणि मी तुझ्या मांडीवर डोके ठेवून झोपत होते. त्या दिवसांत प्रसादाचे जेवण मांडवात असे, म्हणून तुला बसता येत होते, हा हिशेबही मी आत्ता कुठे मांडला आहे.

तेव्हा या वेळचा बेत असा. शनिवारचा स्वयंपाक तुमचे जावई करतील. खिचडी आणि कढी एवढेच त्यांना धड येते, पण तेवढ्यावर एक दिवस निघतो. संध्याकाळी ऊन कलल्यावर गणपती आळीच्या घाटावर जाऊ. बाबा, तुमच्या गुडघ्यांमुळे खाली पाण्यापर्यंत उतरायचे नाही, हे मी आत्ताच बजावून ठेवते. घडीची खुर्ची गाडीत टाकली आहे. तुम्ही वर बसा आणि वरूनच प्रश्न विचारा. धारेत हात धरायचे काम मी करीन, कारण धाकटीची करंगळी आता माझी तेव्हा होती तेवढीच आहे.

रविवारी मेणवली. दशम्या करायच्या नाहीत. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहीत आहे, कारण फोनवर सांगितले तर तू हो म्हणशील आणि रात्रीच दुधात पीठ मळून ठेवशील. डबा मी पुण्याहून करून आणते. चटणी मात्र तुझी हवी, तेवढी बरणीतून काढून ठेव. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, म्हणून तुझा एक हात मी धरीन आणि दुसरा थोरला. घंटेपाशी आपण तुला हवे तितका वेळ थांबू. थोरल्याच्या यादीतली बाकीची ठिकाणे मी खोडून टाकली आहेत. तो थोडा रुसला आहे, त्याची समजूत बाबांनी घालावी.

बाबा, गाडीत पुढच्या सीटवर नेहमी तुम्ही बसता. या रविवारी तिथे आई बसेल. आणि आई, लांबचा चष्मा देवघरातल्या फडताळात विसरू नकोस, शुक्रवारीच पर्समध्ये टाकून ठेव.

दोघांनाही पुन्हा नमस्कार. मुलांचाही शिरसाष्टांग.

तुमची लेक