‘सर्व बचत मालकाची’ लिहिले की बचत होतच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उंच इमारतींच्या बांधकामावर कंत्राटदाराकडे बिलिंग इंजिनिअर म्हणून माझी तीस वर्षे गेली. कितीतरी कंत्राटांच्या जनरल कंडिशन्समध्ये मी एक वाक्य वाचले आहे : कंत्राटदाराने खर्च कमी करण्याचा सतत प्रयत्न करावा आणि त्यातून होणारी सर्व बचत मालकाला, म्हणजे इमारत बांधून घेणाऱ्याला, द्यावी. वाचताना त्यात काही खटकत नाही. ज्याचे पैसे त्याची बचत, असेच वाटते. पण हे वाक्य साइटवर काय करते ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

एका कामावर खालच्या मजल्यांच्या कॉलममध्ये ३२ मिलिमीटरच्या २४ सळया होत्या. ड्रॉइंगमध्ये लॅप (दोन सळयांची टोके एकमेकींशेजारी ठेवून केलेला जोड) व्यासाच्या ५० पट, म्हणजे सळईमागे १.६ मीटर. लॅप दोन टप्प्यांत वाटूनही त्या जागी सळयांची इतकी दाटी व्हायची की काँक्रीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल आत शिरायची नाही. शटरिंग खोलले की कोपऱ्यात हनीकोम्ब, म्हणजे काँक्रीटमधली पोकळी, ठरलेला. आमच्या फोरमनने सुचवले, लॅप सोडून देऊ, टोकांना आटे पाडून दोन सळया जोडणारे कपलर लावू. हिशेबही त्यानेच सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या कागदावर करून दाखवला. सळईचे वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ६.३ किलो. एका जोडाला १० किलो, एका कॉलमला २४० किलो. कॉलम ३६ होते. मजल्यामागे साडेआठ टनांहून जास्त लोखंड वाचत होते, आणि काँक्रीट नीट बसत होते ते वेगळेच.

डिझायनरने मंजुरी दिली, सल्लागारही खूश झाले. मग बिल आले. लोखंडाचे पैसे ड्रॉइंगवरच्या वजनाप्रमाणे मिळतात, त्यामुळे लॅपचे वजन मोजमापातून गेले. ते बरोबरच होते, ते लोखंड आम्ही विकत घेतलेच नव्हते. पण कपलर घेतले होते, आटे पाडायचे मशीन आणले होते, जोडांचे नमुने तोडून तपासण्याचा खर्च केला होता. त्याचा एक्स्ट्रा आयटम लावला, तर मालकाकडून उत्तर आले की कपलर ही तुमची कामाची पद्धत आहे, तो खर्च रेटमध्ये धरलेला आहे, आणि बचतीच्या कलमाप्रमाणे सर्व बचत आमची. मी त्यावर सहा पत्रे लिहिली. काम संपले तरी ते पैसे मिळाले नाहीत. म्हणजे मालकाला टनावारी लोखंड वाचवून दिल्याबद्दल आमच्या कंपनीला पदरचे पैसे घालावे लागले.

पुढच्या कामावर तसेच कॉलम होते, तशीच दाटी. आमच्या कंपनीच्या मालकांनी मीटिंगमध्ये एवढेच सांगितले, ‘कोणी काही सुचवायचे नाही, ड्रॉइंगप्रमाणे करा.’ आम्ही लॅप मारले. त्या इमारतीत किती लोखंड फुकट गेले, हे तिच्या मालकाला कधीच कळणार नाही, कारण न झालेली बचत कोणत्याही एमबीत (मोजमाप वहीत) नोंदली जात नाही. फोरमनने मला एकदा विचारले, ‘साहेब, मागच्या कपलरचे काय झाले?’ मला त्याला उत्तर देता आले नाही, आणि ते अजून मनाला लागून आहे.

यावरचा उपाय नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात मालाची टंचाई असताना अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लॉरेन्स माइल्स यांनी वस्तूचे नेमके काम काय आणि तेच काम स्वस्तात दुसरे काय करील, हे शोधण्याची पद्धत बसवली. तिला पुढे व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणू लागले आणि ती कंत्राटांत कलम म्हणून आली. ‘फिडिक’ या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या रेड बुक या नमुना कंत्राटातले १३.२ हे कलम काढून बघा. कंत्राटदाराच्या सूचनेमुळे त्याच्याच डिझाइनने कायमच्या बांधकामाचा काही भाग बदलला आणि कंत्राटाची किंमत उतरली, तर बचतीचा अर्धा हिस्सा त्याचा. आधी त्यातून दर्जा, टिकाऊपणा किंवा वापरातली सोय जितकी घटली तितके वजा करायचे. मला हे वजा करणे फार शहाणपणाचे वाटते. वॉटरप्रूफिंग पातळ करून वाचवलेले पैसे ही बचत नव्हे, ती पुढच्या गळतीची उसनवारी आहे. बाजारभावाच्या चढउताराने पडलेला फरकही ते कलम वगळते, कारण लोखंड स्वस्त झाले यात कंत्राटदाराची अक्कल नसते. अमेरिकी सरकारच्या ठराविक किमतीच्या बांधकाम कंत्राटांत तर कित्येक वर्षे कंत्राटदाराचा वाटा ५५ टक्के राहिला आहे. ब्रिटनच्या ‘एनईसी’ या नमुना कंत्राटांमधल्या टार्गेट कंत्राटात, जिथे खर्चाचे लक्ष्य आधी ठरवतात, बचत वाटतात, तसा जादा खर्चही ठरलेल्या प्रमाणात दोघांत वाटतात.

वार्षिक रेटकपातीचे कलम ही आणखी वाईट चाल. दर वर्षी रेट इतके टक्के उतरतील, असे काम सुरू होण्याआधीच लिहून घ्यायचे आणि त्याला बचत म्हणायचे. कंत्राटदार ती कपात सब-कॉन्ट्रॅक्टरवर ढकलतो, तो मजुरांवर, आणि शेवटी ती क्युरिंगच्या दिवसांतून निघते. सात दिवस पाणी मारायचे तिथे चार दिवस मारले जाते. हे मी नुसते ऐकून लिहीत नाही.

कंत्राटे लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की ‘सर्व’ हा शब्द काढा आणि त्या जागी आकडा लिहा. बचत कोणत्या ड्रॉइंगपासून मोजायची, नव्या पद्धतीचा खर्च आधी वजा होणार की नाही, सूचनेला किती दिवसांत हो किंवा नाही कळवणार, हे त्याच कलमात येऊ द्या. सूचना सब-कॉन्ट्रॅक्टरकडून आली तर त्याचा हिस्साही तिथेच लिहा. सुचवणाऱ्या माणसाला काय मिळेल हे कंत्राटात बसत नसेल, तर निदान कंत्राटदाराने स्वतःच्या कंपनीत ते लेखी ठरवावे.

आणि टेंडर भरणाऱ्यांनी हे प्रश्न टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगमध्ये लेखीच विचारावेत. त्या उत्तरांना कंत्राटाचा भाग करतात की नाही, तेही तिथेच विचारून घ्यावे. आम्ही त्या कपलरच्या कामाच्या प्री-बिडला पाण्याच्या आणि विजेच्या कनेक्शनबद्दल अकरा प्रश्न विचारले होते. बचतीच्या कलमाबद्दल एकही विचारला नव्हता.

आपला,
एक निवृत्त बिलिंग इंजिनिअर