स्थळ, वेळ आणि तू

वरच्या मजल्यावरच्या मुला,

तुला मराठी अर्धीच वाचता येते हे ठाऊक असूनही हे पत्र मराठीतच लिहितेय. हिंदीत लिहायला बसले तर दोन ओळींत धन्यवाद म्हणून मोकळी होईन, आणि तेवढ्यावर माझं भागणार नाही. अडेल तिथे जिन्यातून हाक मार.

इंदूरच्या रामबागेतल्या या खोलीत मी बावीस वर्षं लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिका आणि मंडळांच्या स्मरणिका जुळवतेय. पानं जुळवायचा जुना पेजमेकर, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि सीपीयूच्या मागे खोचलेलं त्याचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते उघडतच नाही ती किल्ली, एवढाच माझा कारखाना. दिवाळीच्या सुमाराला जो तो सांगत होता, 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा कारभार आटोपला, आता अपडेट नाहीत, व्हायरस शिरेल. घाबरले आणि मशीन दुकानात नेलं. त्यांनी 11 चढवून दिलं. घरी आणून लावते तर डोंगलचा दिवाच लागेना. 'लॉक सापडत नाही' म्हणे! जुन्या पत्रिका उघडाव्यात तर गणपतीखाली सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. आणि तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणजे माझा धंद्याचा काळ.

दुकानदार म्हणाला, परत 10 हवं तर फॉरमॅट मारावा लागेल, आतलं सगळं जाईल. घरी येऊन बघणारा दुसरा एक जण वीस मिनिटांत 'हो गया आंटी' म्हणून पैसे घेऊन गेला. काय झालं होतं ते देव जाणे. तिसऱ्याने हिंदीचा फॉन्ट टाकून दिला. त्यात मला ळ सापडेना, आणि त्यासाठी कोणती कळ दाबायची हे त्यालाही माहीत नव्हतं. वर मलाच म्हणतो, "आंटी, ल लिख दो ना, सब समझ जाते हैं."

समजतात, खरं आहे. इंदूरात पिढ्या गेल्या आमच्या, ल वर निभावून न्यायची सवय आहे. पण पत्रिकेत लोक बोट ठेवून वाचतात ते दोनच शब्द, स्थळ आणि वेळ. तिथे मी 'स्थल' आणि 'वेल' छापू? वेल मांडवावर चढवतात. तिला साडेबाराचा मुहूर्त नसतो.

तू खाली आलास पाण्याच्या मोटरचं विचारायला. माझा चेहरा बघून थांबलास, आणि पहिला प्रश्न विचारलास तो असा, की 11 टाकून किती दिवस झाले. मी बोटांवर मोजलं. नववा दिवस. "फिर तो हाथ मत लगाना किसी चीज़ को," असं म्हणून चप्पल दारात काढलीस. जुनं विंडोज एका फोल्डरात दहा दिवस तसंच ठेवलेलं असतं, तोवर फॉरमॅट न करताही मागे जाता येतं, हे मला तेव्हा कळलं. त्या तिसऱ्याने तर 'कचरा साफ करायला' दुसऱ्या दिवशी यायचं ठरवलं होतं! माझं जुनं घरच त्या कचऱ्यात गेलं असतं.

पुढे तू काय काय केलंस ते मला सांगता येणार नाही. आधी माझ्या सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्यास एवढं पाहिलं. मग दोनदा चहा झाला, आणि डोंगलवर हिरवा ठिपका लागला.

इथे कोणीही उठला असता. तू खुर्ची मला दिलीस आणि म्हणालास, "अब आप एक लाइन टाइप करो." मी 'स्थळ' टाइप केलं. तू प्रिंट काढायला लावलीस, कागद ट्यूबलाइटखाली धरलास आणि ळ वर बोट ठेवून विचारलंस, "यही था ना?" देवासजवळच्या गावातली तुझी आजी 'काळो' म्हणते, तोच हा ळ, हेही तेव्हाच सांगितलंस. मग 'वेळ'ही काढायला लावलीस.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. ळ चे खिळे कमी पडले तर शेजारच्या छापखान्यातून उसने आणत, पण ल लावून पान सोडलं नाही कधी. त्या तिघांना कॉम्प्युटर माझ्याहून शंभरपट कळतो, त्याबद्दल वाद नाही. पण एका बाईला एक अक्षर का हवंय, हे विचारायला इंजिनीयर व्हावं लागत नाही रे. कागद ट्यूबलाइटखाली धरणारी माणसं अजून आहेत, या कल्पनेनेच मला दोन दिवस बरं वाटतंय.

आणि तू मला खोट्या भ्रमातही ठेवलं नाहीस. हे 10 कायमचं नाही, सुरक्षेची अपडेट्स एक वर्ष वाढवून मिळतात, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, ते नोंदवून दिलंस. तोवर फॉन्टवाल्यांना नवं डोंगल विचारा म्हणालास. विचारते.

पाचशेची नोट माउसपॅडखाली परत सरकवून गेलास, ती मला काल सापडली. ठीक आहे. रविवारी सकाळी नऊला खाली ये. पोहे आमच्या पद्धतीचे असतील, कढईत परतलेले, पण तुझ्यासाठी वरून भुरभुरायचा जिरावन मसाला आणि शेव आणून ठेवली आहे. स्थळ तुला माहीत आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू