पाव किलोची दोन वजनं

तीर्थरूप तात्या,

साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, चाय घे" म्हणून विषय बदलता. म्हणून चार लोकांसमोर लिहितोय.

मी सतरा वर्षांचा होतो, वजन 108 किलो. माझं अंग बघून देवगडात लोक मला आंब्याच्या पेट्या उचलायला बोलवायचे. "डोक्याच्या वर काय उचललंस कधी?" असं विचारणारे तुम्ही एकटेच. आठवड्याभरात तुमच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये वेटलिफ्टिंगसाठी चिरे बसले. त्यावर जुन्या होडीच्या फळ्या आणि फळ्यांवर टायरचं रबर. वजनं लावायचा लोखंडी दांडा एसटीच्या टपावरून आला. खाऱ्या हवेने तो चार दिवसांत गंज धरायचा. आधी रॉकेलच्या चिंधीने पुसायचा, मगच हात लावायचा, हा तुमचा नियम. सीझनमध्ये शेडभर पेट्या आणि गवत असायचं, पण माझा कोपरा तुम्ही कधी भरू दिला नाहीत. काकूंनी त्यावरून तुम्हाला किती ऐकवलं, तेही मला ठाऊक आहे.

आणि तुमची ती वही! गिरणीत असताना लालबागच्या व्यायामशाळेत जमवलेली कात्रणं. 1982 च्या संपानंतर गावी आलात तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या वर तीच होती. त्या वहीतून मला वसिली अलेक्सेयेव भेटला, सोव्हिएत रशियातल्या खाणींच्या शाख्ती गावचा सुपर हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटातला वेटलिफ्टर. तेव्हा प्रकार तीन : प्रेस (खांद्यावरून नुसत्या हातांच्या जोरावर वर), स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर). 1970 साली या तिन्हींची बेरीज 600 किलोवर नेणारा पहिला माणूस. त्याच वर्षी अमेरिकेत कोलंबसला त्याने क्लीन अँड जर्कमध्ये 500 पौंडांची हद्दही मोडली. म्युनिक ऑलिंपिक 1972 नंतर प्रेस हा प्रकारच बंद झाला, याची हळहळ तुम्हाला अजून आहे. मग मॉन्ट्रियल 1976 : स्नॅच 185, जर्क 255, बेरीज 440 आणि दुसरा नंबर तब्बल 35 किलो मागे. एकूण 80 विश्वविक्रम.

पण तुमचं बोट थांबायचं ते अर्ध्या किलोवर. कितीतरी विक्रम त्याने अर्ध्या-अर्ध्या किलोने पुढे सरकवले होते. दुसऱ्याच दिवशी तुम्ही बाजारातल्या मासळीवाल्या मावशीकडून पाव किलोची दोन वजनं आणलीत आणि सुतळीने दांड्याच्या दोन टोकांना बांधलीत. दोन वर्षांत माझा स्नॅच ज्या वजनांनी वाढला, ती ही.

राज्य स्पर्धेत मी तुमचं ऐकलं नाही. तुम्ही स्नॅचला 115 ने सुरुवात कर म्हणालात, मी 125 लिहून दिले. तिन्ही उचली फेल. बेरीजच नाही, म्हणजे यादीत नावही नाही. परतीच्या एसटीत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. घरी आल्यावर वहीचं एक पान उघडलंत, जे तोवर कधी दाखवलं नव्हतंत. मॉस्को, 1980. अलेक्सेयेव स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांसमोर, 180 किलोचा स्नॅच, तिन्ही फेल. आठ वर्षं ओळीने जगज्जेता राहिलेला माणूस. मी रडलो. तुम्ही म्हणालात, "झिला, उंबरो आदी वलांडूक व्हयो, डोंगर मगे." आणि पुढचं पान उलटलंत : बार्सिलोना, 1992. तोच अलेक्सेयेव प्रशिक्षक आणि त्याच्या संघाला पाच सुवर्णपदकं.

तात्या, त्या रात्री तुम्ही ते दुसरं पान उलटलं नसतंत, तर मी दांड्याला पुन्हा हात लावला नसता. एवढं सांगायलाच हे पत्र.

पुढच्या वर्षी 112 ने सुरुवात केली आणि 129 वर थांबलो. त्या प्रमाणपत्रावर नोकरी लागली, बहिणीचं लग्न झालं, घरावर कौलं चढली. ते सगळं तुम्हाला माहीत आहे.

माहीत नसलेलं एक सांगतो. गुडघ्यांमुळे हल्ली तुम्हाला शेडपर्यंत येववत नाही. परवा खारवीवाड्यातली एक मुलगी 40 किलोवर अडली होती. दोन किलो चढवून बघते म्हणाली. मी फडताळातून ती पाव किलोची दोन वजनं काढली. सुतळी कुजली होती, नवी बांधली. उचललं तिने.

रविवारी सकाळी रिक्षा घेऊन येतो. वही सोबत ठेवा, तिला मॉस्कोचं पान तुम्हीच दाखवा.

तुमचा,
शेडमधला पोरगा