त्या दोन सिस्टरांचे आभार

सोलापूरचा मे महिना आणि मला गरोदरपणाचा आठवा महिना. पाय इतके सुजले की चपला चढेनात. पोटावर काळी रेघ उमटलेली, जिना चढताना धाप लागायची. काहीतरी बिघडलंय म्हणून मी रडतच तपासणीला गेले.

सिस्टरनी आधी बीपी घेतलं, लघवी तपासायला लावली. दोन्ही ठीक निघालं. मग माझ्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला, तो भरेपर्यंत त्या बोलत राहिल्या. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्यातलं पाणी जास्त वाढतं, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतं. पण 11 च्या खाली गेलं तर अंगावर काढायचं नाही. रेघ बाळंतपणानंतर फिकी होत जाते. "मात्र तोंड सुजलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मध्यरात्र असली तरी निघून ये गं."

लोहाची गोळी मी चहासोबत घ्यायचे. दुसऱ्या सिस्टरनी ते सोडवलं, लिंबूपाण्यासोबत घ्यायला लावली. भाकरी-शेंगाचटणी खा, पण सोबत पालेभाजी हवीच, असं बजावलं.

लेक आता चाळीस दिवसांची झाली. ताई, तुमची नावं विचारायचीच राहिली. तुम्हा दोघींचे मनापासून आभार.